बारा पॉइंट हवेचा डबा

जालना-भोकरदन रस्त्यावर, पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा आहे. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात टेनिसचा बॉल मागा. दुकानदार मोकळ्या खोक्यातून हिरवट-पिवळा बॉल काढतो, फरशीवर एकदा आपटून दाखवतो आणि पैसे घेतो. तो बॉल क्रिकेटसाठी चाललाय हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. सोयाबीन निघाले, मका खळ्यावर आला की मोकळ्या रानात खेळपट्टी रोलरखाली जाते आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे फलक लागतात. २०२४ च्या मार्चमध्ये याच प्रकारच्या क्रिकेटची पहिली इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाली. ज्या खेळासाठी हा बॉल जन्मला, तो खेळ मात्र मराठवाड्याच्या गावाकडे फिरकलेला नाही.

तरीही टेनिसच्या बॉलसाठी दाबाखालचा डबा कसा बनवावा, हा प्रश्न केदारखेड्यात बसून सोडवावा असा आहे. त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे सामान इथे शेतीच्या नावाने विकले जाते, आणि दाब म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला शहरातल्या टेनिसपटूपेक्षा जास्त कळते. पाइपाच्या दुकानात तो नुसता पाइप मागत नाही. दुकानदार विचारतो, "चार केजी देऊ का सहा केजी?" केजी म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलोचा दाब पाइप सोसेल. विहीर किती खोल, शेत किती उंचावर, मोटार किती एचपीची, एवढे मनात धरून तो उत्तर देतो.

आता बॉलकडे. स्पर्धेतला टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅम वजनाचा आणि ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर व्यासाचा असावा लागतो. त्याची खरी परीक्षा उसळीची. २५४ सेंटिमीटरवरून, म्हणजे शंभर इंचांवरून, काँक्रीटवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर वर आला पाहिजे. ही उसळी दोन ठिकाणांहून येते: रबराच्या कवचातून आणि आत कोंडलेल्या हवेतून. कारखान्यात रबराच्या दोन वाट्या साच्यात घडवतात, कडांना चिकटद्रव लावून जोडतात आणि जोडतानाच आत दाब भरतात. पूर्वी त्यासाठी आत सोडियम नायट्राइट आणि अमोनियम क्लोराइड टाकत. साचा तापला की त्यातून नायट्रोजन सुटे आणि आतल्या आत दाब तयार होई. आता बहुधा दाबलेल्या हवेतच वाट्या मिटवतात. वर लोकर-नायलॉनच्या फेल्टचे डमरूच्या आकाराचे दोन तुकडे बसतात. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण बारा ते चौदा पीएसआयने जास्त, पंक्चरवाल्याच्या भाषेत बारा ते चौदा पॉइंट. मोटारसायकलच्या पुढच्या टायरात याच्या जवळपास दुप्पट असतो.

गावातला क्रिकेटचा बॉल वेगळा. महिनोन्‌महिने मोकळ्या खोक्यात पडून जो विकला जातो, त्याची उसळी आतल्या हवेवर टेकलेली असूच शकत नाही, रबराच्या जाड भिंतीवरच असते. टेनिसमध्येही असे बिनदाबाचे बॉल असतात, स्वीडनच्या ट्रेटॉर्नचे नाव त्यात जुने. ते टिकतात जास्त, पण हाताला जड आणि ठोकळ लागतात असे खेळणारे म्हणतात.

दाब भरलेल्या बॉलची अडचण अशी की रबर हवा धरून ठेवत नाही. कुठे भोक नसते, जोड सुटलेला नसतो, तरी हवेचे रेणू रबरात विरघळत, सरकत बाहेर पडतात. नैसर्गिक रबर यात फारच उदार. टायरच्या ट्यूबसाठी म्हणूनच ब्युटाइल वापरतात, ते कितीतरी कमी हवा सोडते, पण त्याला बॉलसारखी उसळी नसते. डबा फोडला की दोन-चार आठवड्यांत बॉल मवाळ पडतो, एकदाही रॅकेट लागली नसली तरी. यावरचा पहिला मोठा तोडगा १९२६ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रबर कंपनीने तीन बॉलचा हवाबंद धातूचा डबा काढला, त्यातली हवाही बॉलमधल्या हवेइतकीच दाबलेली. तो उघडायला किल्ली लागे. १९८० च्या दशकात प्लास्टिकचे पारदर्शक डबे आले, त्यांना ओढून काढायचे धातूचे झाकण. हा डबा एकदाच उघडायचा. उघडला की त्याचे काम संपले, आणि पुन्हा पुन्हा उघडता येईल असा डबा करायचा तर खरी डोकेफोड तिथून सुरू होते.

विंबल्डनला या डोकेफोडीची गरज नाही. तिथे १९०२ पासून स्लेझेंजरचे बॉल आहेत, एका स्पर्धेत पन्नास हजारांहून अधिक लागतात, ते २० अंश सेल्सिअसला ठेवतात. पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर बॉल बदलतात. तिथला बॉल हवा जाऊन मरत नाही, फेल्ट झिजून बाद होतो. डब्याची गरज आहे ती क्लबातल्या माणसाला आणि प्रशिक्षकाला. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ एटीपी स्पर्धा झाल्या, ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण आणले. त्यामुळे आता लहान शहरांतले पालकही टेनिसची चौकशी करतात. प्रशिक्षकाच्या टोपलीत दीड-दोनशे बॉल असतात आणि खर्चाच्या वहीत सगळ्यात हट्टी आकडा त्यांचाच.

डब्याचे तत्त्व एका ओळीचे वाटते: बॉलच्या बाहेरही आतल्याइतकाच दाब ठेवा, हवा कुठे जाणार? पण या ओळीत एक खड्डा आहे, आणि तो विहिरीच्या उदाहरणाने दिसतो. दहा मीटर पाण्याखाली एक केजीचा दाब असतो, म्हणजे चौदा पॉइंट. बॉलला नेमका एवढाच हवा. मग पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेल्या सहा परस विहिरीत, जाळीच्या पिशवीत दगडासोबत बॉल घालून सोडले तर? फुकटचा डबा! फेल्ट भिजेल, ते सोडा. तरीही युक्ती फसते. पाणी बॉलला बाहेरून दाबेल खरे, पण त्या पाण्यात विरघळलेली हवा जमिनीवरच्या मोकळ्या हवेच्या तोलाचीच असते. बॉलमधला नायट्रोजन बाहेरच्या नायट्रोजनशी तोल साधतो, ऑक्सिजन ऑक्सिजनशी. आत नायट्रोजनचा दाब दीड वातावरणाच्या आसपास आणि बाहेर पाऊण, तर तो बाहेर जाणारच, वरून पाण्याने कितीही दाबले तरी. हाच बॉल हवा भरलेल्या लवचिक, हवाबंद पिशवीत घालून खाली सोडला तर मात्र युक्ती चालते, कारण मग पिशवीतली हवाच दाबली जाते. बॉलला आवळून उपयोग नाही, त्याच्याभोवती दाबलेली हवा लागते.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. सायकलवाले कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी वापरतात. तो वायू रबरातून नायट्रोजनच्या कितीतरी पट वेगाने जातो. डब्यात तो भरला तर मेलेला बॉल लवकर टणक होईल आणि बाहेर काढल्यावर तितक्याच लवकर पुन्हा मरेल. टायरच्या दुकानांत 'नायट्रोजन हवा' अशी पाटी असते, ती बॉलला चालेल, पण साध्या हवेत पाऊण हिस्सा नायट्रोजनच असतो. सायकलचा पंप पुरे.

बॉल टिकवणे आणि मेलेला बॉल उठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. टिकवायला बारा-चौदा पॉइंट पुरतात. उठवायचे असेल तर तेवढ्या दाबाला बॉल नव्याच्या जवळ जाईल, पण जसजसा जवळ जाईल तसतसा मंदावत, आठवडे लावत. म्हणून उठवणारे डबे दुप्पट दाबाला चालवतात. मग बॉल वेळेवर बाहेर न काढला तर तो नियमाबाहेर टणक होतो, आणि फारच मऊ झालेला बॉल बाहेरच्या दाबाने एका बाजूने खचतो. घरगुती डब्याने उठवायच्या भानगडीत पडू नये असे माझे मत. नवा बॉल पहिल्याच दिवशी, खेळ संपल्याबरोबर डब्यात गेला तर उठवायची वेळच येत नाही.

आता सामान. अडीच इंची पाइप, म्हणजे ७५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, टेनिसच्या बॉलसाठीच काढलाय असे वाटावे असा आहे. भिंत दोन-अडीच मिलिमीटरची असेल तर आत सत्तर उरतात, बॉल सरकत जातो. पण सुरक्षित असावा म्हणून कोणी जाड केजीचा पाइप घेतला आणि भिंत चार मिलिमीटरची निघाली, तर आत ६७ उरले. फेल्ट फुललेला बॉल अडकून बसतो. मग तीन इंचीवर जावे लागते. तीन बॉलना एकवीस सेंटिमीटर लांबी पुरते. पाइप भोकरदनच्या दुकानात मिळेल; तो बहुधा जळगावच्या किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीचा असेल.

आणि इथेच थांबून बोलायला हवे, कारण जगभरचे हौशी लोक हाच डबा पांढऱ्या-करड्या पीव्हीसी पाइपाचा करतात. सहा केजीचा पाइप, आत भरायचा एक केजी, सहापट राखीव ताकद! हिशेब बरोबर दिसतो, पण पाइपावरचा आकडा पाण्याचा आहे. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून फुटलेल्या पाइपातून ते दाब सोडते आणि माणसाला ओला करते. हवा दाबली जाते, आणि पाइपाला चीर गेली की तेवढ्याच जोराने मोकळी होते. पीव्हीसी ठिसूळ आहे, ते फाटत नाही, तुकड्यांनी उडते. म्हणून पाइप बनवणारेच दाबलेल्या हवेसाठी तो वापरू नका असे बजावतात. त्यात आपले ऊन. भारतीय मानकात पाइपाचा केजी २७ अंश सेल्सिअसला धरलेला असतो, तापमान चढले की तो उतरतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पंचेचाळीसच्या वर पारा जातो. हवेचा दाब तेवढ्या उष्णतेने फार वाढत नाही, वीसवरून पंचेचाळीसला एकूण दाबात आठ-नऊ टक्के एवढाच फरक; पण प्लास्टिक कमजोर पडते. शिवाय बांधावर दोन उन्हाळे काढलेला, पांढरट भुकटी सुटलेला पाइप 'वाया कशाला घालवायचा' म्हणून हमखास अशाच कामाला निघतो. तो नको, आणि नवाही नको.

गावात दुसरा पाइप आहेच: तुषार सिंचनाचा काळा एचडीपीई. हरभऱ्याला, गव्हाला पाणी देताना खांद्यावर टाकून नेतात तो. अडीच इंचीतही मिळतो. आपटला, वाकला, गाडीखाली आला तरी तो तुकडे होत नाही. ताणतो, फार तर फाटतो. त्याला टोकाला कडी असते आणि आत रबरी रिंग. एंड कॅप घातली, कडी अडकवली की झाले. रोज जोडायचा, रोज सोडायचा, हाच त्याचा जन्म. पण ती रिंग पाण्यासाठी आहे, चार तासांच्या पाळीसाठी. पाण्याचा दाब आला की फुगून बसते आणि दाब उतरला की थोडी सैल पडते. हवा तिथून रात्रभरात निघून जाईल. म्हणून पाइप हा ठेवावा आणि झाकणाचा विचार वेगळा करावा.

झाकणावर किती भार येतो ते आधी पाहू. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटिमीटर. एक केजी दाब म्हणजे झाकणावर साडेअडतीस किलोचा धक्का, रात्रंदिवस. आट्याचे झाकण तो धक्का सोसते, पण उघडताना शेवटचा आटा सुटतो तेव्हा आत दाब उरलेला असला तर झाकण तोंडावर येते. थंड पेयाच्या बाटलीच्या आट्यांना उभ्या खाचा असतात त्या यासाठीच: झाकण पूर्ण सुटण्याआधी वायूला वाट मिळावी. घरगुती डब्यात ही खाच कोणी ठेवत नाही.

याहून चांगला धडा स्वयंपाकघरात आहे. प्रेशर कुकर शिट्टीच्या वजनाखाली साधारण एक केजीलाच चालतो, म्हणजे रोज भात शिजताना टेनिसच्या बॉलइतकाच दाब कट्ट्यावर असतो. ठाण्यात कारखाना असलेल्या हॉकिन्सच्या कुकरचे झाकण आतून बसते. आतला दाबच ते कडेला घट्ट धरतो आणि दाब असेपर्यंत कोणाच्याही हाताने ते उघडत नाही. टेनिसच्या डब्याला हेच हवे: दाब झाकणाला ढकलून काढणारा नको, आवळून धरणारा हवा. लंबगोल तोंड, त्याहून किंचित मोठे लंबगोल झाकण तिरके करून आत घालायचे, मध्ये रबरी गॅस्केट, वर आडवी पट्टी आणि एक बोल्ट. बॉयलरच्या हातभोकाला हीच रचना असते. वजनाची शिट्टीही उचलण्यासारखी कल्पना. पंप मारणाऱ्याचे लक्ष चुकले तरी एक केजीच्या पुढची हवा आपोआप सुटेल. मात्र घरातल्या कुकरलाच भोक पाडून व्हॉल्व्ह बसवायला जाऊ नका. त्यात उद्या वरण शिजायचे असते.

फवारणीचा दाबाचा पंप आठवला असेलच. त्यात हवा भरलेली असते, दाबही जुळतो. पण बहुतेक पंपांचे तोंड बॉलपेक्षा लहान असते, आणि ज्यात वर्षभर कीटकनाशक फिरले त्यात पोरांच्या हातातली वस्तू ठेवायचा विचारही नको.

माझी पसंती आहे ती ठिबकच्या खताच्या टाकीला. भोकरदन तालुका मिरचीचा, पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार सगळ्यांना माहीत. मिरची ठिबकवर आणि मल्चिंगवर असते, आणि विद्राव्य खत सोडायला काही जण व्हेंच्युरी वापरतात, काही जण टाकी. ही टाकी लोखंडी पत्र्याची, आतून रंग दिलेली, रुंद तोंडाची. झाकणाला रबरी गॅस्केट आणि भोवती आवळायचे बोल्ट. ती पाण्याच्या दाबाखाली काम करण्यासाठीच बनते आणि आठवड्यातून दोनदा उघडली जाते हे गृहीत धरूनच तिचे झाकण केलेले असते. साठ लिटरच्या टाकीत दोनशेच्या आसपास बॉल मावतात, प्रशिक्षकाची पूर्ण टोपली. पाण्याच्या नळ्या जोडायच्या दोन तोंडांपैकी एकाला दाबाचा काटा, दुसऱ्याला सेफ्टी व्हॉल्व्ह. हवा भरायला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह: साडेअकरा मिलिमीटरचे भोक, व्हॉल्व्ह आतून ओढून घ्यायचा, दाब वाढेल तसा तो आणखी घट्ट बसतो. टाकी नवीच घ्यावी. खताने आतून गंजलेली लोखंडी टाकी उन्हाने पिकलेल्या पीव्हीसीइतकीच बेभरवशाची.

मोठी टाकी घेतली की जबाबदारीही मोठी होते. तीन बॉलच्या नळीत बॉल सोडून जेमतेम तिसरा हिस्सा लिटर हवा असते, पंपाचे मोजके दट्टे. साठ लिटरच्या टाकीत ती सत्तावीस लिटरच्या घरात जाते. दाब तोच, कोंडलेली ताकद ऐंशीपट. म्हणून तिची परीक्षा आधी पाण्याने घ्यायची, हवेने कधीच नाही. टाकी तोंडोतोंड पाण्याने भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. शहरात यासाठी हातपंप शोधावा लागतो. इथे शेतातली पाइपलाइन आहे, तिच्यावर काटा आहे, कॉक हळूहळू उघडला की झाले. दाब धरून अर्धा तास गेला आणि जोडावर थेंब दिसला नाही की पाणी काढा, टाकी वाळवा, मग हवा भरा. शेवटी साबणाचा फेस. पंक्चरवाला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून जे पाहतो ते इथे फेसाने पाहायचे. गॅस्केटच्या कडेने एक बुडबुडा दर मिनिटाला फुगत असेल तर महिन्याभरात डबा रिकामा.

दाबाची गोष्ट निघालीच आहे तर उंचीचेही सांगून टाकतो. समुद्रसपाटीपासून जालना साधारण पाचशे मीटर. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ, म्हणून मुंबईत डब्यात बसलेला बॉल इथे किंचित जास्त टणक वाटतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत १२१९ मीटरच्या वर खेळायला वेगळे बॉल आहेत. महाराष्ट्रातली महाबळेश्वर आणि पाचगणी ही रेषा ओलांडतात. पाचगणीच्या शाळांतल्या कोर्टांवर साधा बॉल उड्या मारत असेल तर तो पोरांचा दोष नाही.

परीक्षा घरच्या घरी होते. भिंतीवर २५४ सेंटिमीटरची खूण, खाली १३५ आणि १४७ ची, सिमेंटची फरशी. बॉल सोडायचा, ढकलायचा नाही. फोनने व्हिडिओ काढला की उसळीची उंची नेमकी दिसते. एकाच दिवशी फोडलेल्या डब्यातला एक बॉल कपाटात आणि दोन टाकीत ठेवून दर रविवारी हा खेळ केला तर टाकी काम करते की नाही याचा निकाल महिन्यात लागतो. बॉल सकाळी तपासायचे, दुपारी नाही. नियमातले आकडे २० अंशाचे आहेत आणि तापलेला बॉल जास्त उसळून फसवतो.

हा खर्च कोणी करावा? हंगामाला दोन-तीन डबे फोडणाऱ्या हौशी खेळाडूने करू नये, त्याला तीन बॉलची बाजारात मिळणारी तयार नळी पुरते. झिजलेला फेल्ट कुठलाही डबा परत आणत नाही, म्हणून जोरकस खेळणाऱ्यालाही फायदा थोडा. फायदा आहे शिकवणाऱ्याला. त्याचा बॉल दिवसातून मोजके हलके फटके खातो आणि फेल्ट शाबूत असतानाच हवेने मरतो. जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात मुलांना शिकवणाऱ्याची टोपली अशा टाकीत दुप्पट काळ चालली तरी टाकीचे पैसे निघाले म्हणायचे. ती टाकी तयार करून देणारा माणूस मात्र शहरातल्या खेळाच्या दुकानात सापडणार नाही. तो ठिबक बसवणारा फिटर असेल, भोकरदन तालुक्यातलाच. गॅस्केट, काटा, कॉक, सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्याशी त्याची रोजची ओळख आहे. बॉल हातात कधी धरला नसेल तरी चालते.

टाकीवर खडूने भरल्याची तारीख आणि काट्याचा आकडा लिहून ठेवायला त्याने सांगितले तर ते ऐकावे. आठवड्यात दोन पॉइंट उतरले तर गॅस्केट बदलायचे. चार उतरले तर बोल्ट सोडून झाकणाची कड कानशीने साफ करायची, आणि त्याआधी टाकीतली सगळी हवा सोडून द्यायची.